पाणराक्षसाचा पंचनामा

चित्रकलेचा मास्तर निवृत्त झाला की गावाला त्याच्यासाठी दोनच कामं सुचतात. लग्नाच्या कमानीवर नावं रंगवणं, नाहीतर गणपतीत डेकोरेशन. मी दोन्हींना नाही म्हणालो, तेव्हाच मास्तरला शिंगं फुटली असं लोक म्हणायला लागले होते. मग मी घरापुढच्या अंगणात साडेसहा फुटी राक्षस करायला घेतला आणि त्यांची खात्रीच पटली.

राक्षस म्हणजे आपल्याकडचा, मिशा पिळणारा आणि खदाखदा हसणारा नव्हे. जुन्या काळ्या-पांढऱ्या इंग्रजी सिनेमात असायचा तो. अर्धा मासा, अर्धा माणूस, डोहातून वर येणारा. लहानपणी दौंडला रेल्वे कॉलनीच्या मैदानावर, दोन बांबूंना बांधलेल्या चादरीवर मी त्याला पाहिला. नेलं होतं माझ्या मोठ्या भावानं. दादा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. आई-वडील इकडं केंदूरच्या बाजूला शेतात, आणि दादा दौंडला लोको शेडमध्ये फिटर. तिकडची शाळा चांगली म्हणून त्यानं मला आपल्या खोलीवर नेलं आणि स्वतः भाकरी थापून घातल्या. त्याचं लग्न व्हायच्या आधीची ही गोष्ट.

तो दादा आता मला ओळखत नाही. मी दौंडला गेलो की तो खुर्चीतून उठायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचा आणि म्हणायचा, "या साहेब. शेडमधी सगळं वेवस्थित हाय." मी त्याला इन्स्पेक्शनला आलेला साहेब वाटायचो. सुरुवातीला मी "अरे दादा, मी" करत रडकुंडीला यायचो. नंतर मुकाट्यानं इन्स्पेक्शन करायला लागलो. एकदा तर वहिनींची गॅसची शेगडी तपासून "ठीक आहे" असं सांगून आलो, तेव्हा कुठं तो खाली बसला. डॉक्टर म्हणाले, जुन्या गोष्टी दाखवत राहा, एखादी लागून जाते. मात्र जे काही करायचं ते लवकर करा. आमच्याकडं जुने फोटो नाहीत. आम्हा दोघांची म्हणून एकच गोष्ट होती, तो सिनेमा. मी तो मोबाइलवर शोधून त्याच्यापुढं धरला. दादानं दोन मिनिटं पाहिलं आणि फोन अदबीनं मला परत दिला. "साहेब, तुमचा फोन आलाय."

तळहाताएवढ्या काचेत मावणाऱ्या राक्षसाला कोण ओळखणार? मी तिथंच ठरवलं. राक्षस दाखवायचा तर माणसाएवढा, आणि दादाच्या डोक्यात तो शिल्लक आहे तोवर.

सळयांचा सांगाडा केला, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आवळली, जाळीवर प्लॅस्टरमध्ये बुडवलेली पोती चढवली. माझा एक जुना विद्यार्थी कुरकुंभच्या एका कंपनीत टाक्यांना फायबरचं अस्तर लावतो. तो शिफ्ट संपवून दोनदा येऊन गेला आणि वरचा फायबरचा थर कसा द्यायचा ते त्यानं शिकवलं. शाळेत त्याला चित्रकलेत कधी पस्तीसच्या वर मार्क दिले नव्हते, याची मला त्या दोन दिवसांत फार लाज वाटली. खवले पाडायला हत्यार सापडेना. शेवटी फायबरवर लांबी, म्हणजे पुट्टी, लावली आणि स्वयंपाकघरातलं कातणं घेऊन तिच्यावर तिरक्या रेघा मारत सुटलो. बायको बाहेर आली, राक्षसाची पाठ पाहिली आणि म्हणाली, "ह्याच्या पाठीवर शंकरपाळ्या पाडल्यात तुम्ही." ती म्हणाली ते खरं होतं, म्हणूनच मी चिडलो. कातणं तिनं परत घेतलं नाही. म्हणाली, आता त्यालाच द्या.

रंगाचा घोळ त्याहून मोठा. सिनेमा काळा-पांढरा, मग राक्षसाचा रंग कोणता? बायको म्हणाली हिरवा, कारण बेडूक हिरवा असतो. शिरूरच्या रंगाच्या दुकानदारानं विचारलं, "घराला का ट्रॅक्टरला?" मी रात्रंदिवस विचार केला आणि ठरवलं की दादानं जसा पाहिला तसाच. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सात करडे रंग कालवले. पोटाला फिकट, पाठीला गडद, डोळ्याखाली जवळजवळ काळा. भर उन्हात, जास्वंदीशेजारी उभा असलेला तो राखाडी प्राणी पाहून माझं मलाच खूप बरं वाटलं. आयुष्यभर झेंडे, नकाशे आणि स्वच्छतेचे संदेश रंगवले, पण हे पहिलं काम मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

रंग वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून मी त्याला ताडपत्री गुंडाळली. राक्षसाचा उजवा पंजा वर उगारलेला होता. तो काही ताडपत्रीत मावला नाही. पंज्यावर पोतं बांधलं, तरी उचललेला हात बाहेर दिसत राहिला, आणि सगळं तिथंच बिनसलं.

आमच्या गावात दोन आळ्या आहेत. वरच्या आळीच्या आप्पांनी दूध डेअरी आणली, खालच्या आळीच्या आबांनी बंधारा बांधून घेतला. दोघंही आता नाहीत, आणि चौकात आधी पुतळा कुणाचा यावरून दोन्ही आळ्यांची कित्येक वर्षं बोलचाल नाही. आता मास्तरच्या अंगणात ताडपत्रीखाली माणसाएवढा राखाडी पुतळा, हात वर केलेला, भाषणाला उभा राहिल्यासारखा. वरच्या आळीला वाटलं, खालच्यांनी गुपचूप आबा करायला टाकलेत. खालच्यांना वाटलं आप्पा. मी राक्षस म्हणून सांगितलं, तर दोघांनाही वाटलं की मास्तर आमच्या माणसाला राक्षस म्हणतोय.

तिसऱ्या दिवशी ग्रामसेवक आणि हवालदार दारात. हवालदार माझाच विद्यार्थी, दोन डोंगरांच्या मधून सूर्य काढणारा. तो म्हणाला, "सर, पुतळा कुणाचा हाय ते समितीपुढं ठरल्याबिगर हितनं हलवायचा न्हाई, उघडायचा बी न्हाई. वरनं तसं सांगणं हाय."

"माझ्या अंगणात आहे. माझा आहे."

"अंगणातनं चौकात जायला कितीसा टाइम लागतोय, सर?"

त्यानं फाटकाशी खुर्ची टाकली आणि एक होमगार्ड बसवला. राक्षसाला बंदोबस्त मिळाला. ग्रामसेवकांनी शांतता समितीची बैठक लावली, तीही आठ दिवसांनी, कारण मधे लग्नाच्या तिथी होत्या. त्या आठ दिवसांत वहिनींचा फोन आला. "भावजी, आता उठत बी न्हाईत. कुणी आलं तरी नुसतं भिताडाकडं बघत्यात." म्हणजे साहेबसुद्धा पुसला गेला होता. मी तडक ग्रामसेवकांकडं गेलो आणि चौतीस वर्षं वर्गात चढवला नाही एवढा आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, पुतळ्याचा मामला हाय. मला नोकरी करायची हाय."

बैठकीला सगळं गाव लोटलं. वरची आळी जास्वंदीच्या अलीकडं, खालची पलीकडं. हवालदारानं सांगितलं, पुतळ्याचं तोंड उघडं करा. मी दोरी सोडली. माशाचे कल्ले, जाड ओठ, बटाट्याएवढे डोळे. आप्पांचा मुलगा पुढं आला, त्यानं सगळ्या बाजूंनी नीट पाहिलं आणि म्हणाला, "हे आमचं आप्पा न्हाईत." आबांच्या पुतण्यानं त्याहून जास्त वेळ घेतला. मला धाकधूक व्हायला लागली. शेवटी तो म्हणाला, "न्हाई. आबांचं कान मोठं व्हतं."

मग पंचनामा. हवालदार लिहायला बसला. "नाव?" नाही. "वय?" मी म्हणालो, सिनेमातलं की अंगणातलं? त्यानं रकाना मोकळा सोडला. "राहणार?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, पाण्यात. त्यानं तेच लिहिलं. खाली शेरा मारला, की सदर पुतळा कोणाचाही नसून त्यामुळे कोणाच्याही भावना दुखावण्याचा संभव नाही. दोन्ही आळ्यांनी पंच म्हणून सह्या केल्या. एका कागदावर दोघांच्या सह्या गावानं पहिल्यांदाच पाहिल्या. एवढ्यावर थांबलं नाही. आपलाच निघाला तर असू द्यावा म्हणून दोन्हींकडच्यांनी पिशवीत एकेक हार लपवून आणला होता. फुलं वाया कशाला घालवायची, म्हणून दोन्ही हार राक्षसाच्या गळ्यात पडले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं पन्नास कप चहा केला आणि तेव्हापासून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो सांगितला, तो आला दुपारी. राक्षसाला उभा दोरांनी आवळला. राहूमार्गे निघालो. यवतला चहाला थांबलो तर हॉटेलवाला बाहेर येऊन हात जोडून उभा. "कुठला देव?" मी म्हणालो, देव नाही. "मग हार?" मला त्याला सगळं सांगत बसायचं नव्हतं. म्हणालो, सत्कार झालाय. त्याला ते पटलं. कुरकुंभला वळेपर्यंत हायवेच्या वाऱ्यानं दोन्ही हार विस्कटून उडून गेले.

दौंडला पोचेपर्यंत दुपारचे चार वाजले होते. दादाच्या अंगणात आम्ही राक्षस उतरवला. वहिनींनी दादाला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. तो माझ्याकडं पाहतही नव्हता. मी ताडपत्री ओढली.

दादा बघत राहिला. मग कुणाच्याही आधाराशिवाय उठला. एकेक पायरी उतरून राक्षसाजवळ गेला, त्याच्या पंज्याला हात लावला आणि म्हणाला, "ह्यो त्योच हाय. डोहातला."

"होय दादा," मी म्हणालो. "तोच." मला रडू फुटलं होतं.

त्यानं माझं मनगट धरलं, मला बाजूला घेतलं, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पावणं, राग मानू नका. पर ह्याला हितनं न्या. आमचं धाकटं असतंय माझ्यापाशी. लई भितं ह्याला. पिच्चर बघून आल्यापासनं झोपंत सारखं दचकतंय. बोलून दावत न्हाई, पर मला कळतं. त्याची आई न्हाई हितं."

मी भ्यायलो होतो हे मी दादाला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. उलट मित्रांत मी फुशारकी मारायचो.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. "अवो, हेच की तुमचं धाकटं." दादानं माझ्या पांढऱ्या डोक्याकडं पाहिलं आणि माझी माफी मागितल्यासारखा हसला.

"शाळा कधी सुटते त्याची?" मी विचारलं.

"पाचला. यीलच आता. तुमच्या पाया पडतो, त्येच्या आत न्या."

मी ताडपत्री परत गुंडाळली, या वेळी पंजासुद्धा. राक्षस चढवताना दादा पायाकडून धरायला आला. मी नको म्हणालो तरी ऐकेना. मग फाटकात जाऊन तो रस्त्याकडं बघत उभा राहिला.

टेम्पोवाला म्हणाला, "मास्तर, एवढ्या लांबनं आणला आन् लगीच परत?"

"पोरगं यायच्या आत निघायला पाहिजे," मी म्हणालो. "काढ गाडी."