लेकीच्या घरचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझ्या धाकट्या बहिणीला तिथल्या सरकारी कचेरीत नोकरी लागली. राहायला क्वार्टर मिळालं, क्वार्टरात नळ. मी औशाजवळच्या आमच्या गावातच राहिलो. विहीर आटली होती, टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. बहिणीच्या नळावरून माझ्या पोटात दुखायचं, ते मी कधी लपवलं नाही. ती गावी आली की सवयीनं खळखळून हात धुवायची आणि मी तांब्या उचलून आत ठेवायचो.

आईला लातूरला माझ्याकडे राहू दे, असा बहिणीचा सारखा तगादा. मी निर्धास्त होतो. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत आणि आई रीतीला पक्की. लातूरला गेली तरी पाणी बरोबर न्यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परतायची. नळ बहिणीचा, आई माझी, असा माझा हिशेब होता.

त्या उन्हाळ्यात बहिणीनं आम्हा दोघांना म्हैसूरचा राजवाडा दाखवायला नेलं. तिच्या नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. दरबारात सगळे माना वर करून छत बघत होते. मी आईकडे बघत होतो. ती बहिणीचा हात धरून चालली होती, खांब दिसला की तिलाच काहीतरी विचारत होती. मला राजाचा हेवा वाटला नाही, बहिणीचा वाटला.

मग बागेत आलो. माळ्यानं हिरवळीत पाइप सोडून ठेवला होता आणि पाणी वाटेवर वाहत होतं. बहीण साडी जरा उचलून पलीकडे गेली, तिला त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र धावत जाऊन तोटी बंद केली. चार माणसं थांबून बघायला लागली. माळी कन्नडमध्ये तणतणत आला. आईचं माहेर निलंग्याकडचं, तिला कामापुरतं कन्नड येई. तिनं त्याची समजूत काढली. त्यानं तोटी पुन्हा सोडली.

आई झाडाखाली बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आता मी लातूरलाच राहते."

"आणि लेकीच्या घरचं पाणी?"

"पिईन. पाप लागलं तर मला लागंल. सून टँकरमागं पळती आन् मी बसून पिते. माझ्या वाटणीचं लेकरांना व्हईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ती तोटी मी बंद केली नसती तर आई माझ्याबरोबर परतली असती. बहिणीनं तोंड फिरवून डोळे पुसले. मला तिचं तेही रडणं बघवेना.

परतताना आई लातूरला उतरली. मी एकटाच गावी आलो. पुढच्या टँकरला घरात खरंच पाणी उरलं आणि बायकोनं दोन्ही लेकरांना डोक्यावरून न्हाऊ घातलं. लेकरं खिदळत होती. आईनं रीत मोडली ती माझ्या घरासाठी, हे मला कळत होतं. तरी रोज सकाळी उठून तिला आई म्हणून हाक मारणार होती ती माझी बहीण.