मशीनचं कव्हर

माझ्या नणंदेला सुईत दोरा ओवता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्या लग्नात मांडवभर बायकांनी तिच्या हातच्या कलेचं कौतुक केलं आणि मी ते बुंदीचं ताट हातात धरून ऐकलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी दौंडची, वडील रेल्वेत. मला शिरूरला दिली. लग्नात वडिलांनी हातानं फिरवायचं शिलाई मशीन दिलं. एसटीच्या टपावर टाकायला त्यांचा जीव होईना, म्हणून दौंडपासून शिरूरपर्यंत ते मांडीवर घेऊन आले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पाव्हण्यांसमोर विचारलं, "आपण शिंप्याची पोरगी केली व्हय?" आमचं बिनसलं ते तिथपासून.

त्या घरात माझं म्हणावं असं मशीन होतं आणि एक वही होती. वहीत मी वर्षभराचे माझे कपडे आखले होते. हिरव्या टू-बाय-टूचं ब्लाऊज, पाठीला बटणं. जांभळं एक, गोल गळ्याचं, कडेला बारीक पायपिंग. केंब्रिकचे दोन परकर, खाली लेस. प्रत्येक पानावर त्या त्या कापडाची चिंधी टाचणीनं लावलेली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण चित्र बरोबर कळलं.

"पाठीला बटनं? आन् ती लावायची कुणी, माझ्या पोरानं?"

नणंद खदखदून हसली. हसायला ती नेहमी हजर असायची, भांडी घासायला नाही.

मी हिरवं ब्लाऊज बेतलं आणि त्याच आठवड्यात नणंदेचं लग्न ठरलं, तेही दौंडला. नवऱ्या मुलाकडच्या बायकांना रुखवताची मोठी हौस. नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू लग्नात मांडायच्या, असा रिवाज. आमच्याकडे नवरीच्या हातानं म्हणजे तिच्या वहिनीच्या हातानं. चार महिने मी मॅटीच्या कापडावर मोर भरले, उशांचे अभ्रे केले, रुमाल केले, पुढं होणाऱ्या बाळाची झबली-टोपडीसुद्धा केली. तोरणाला हिरवं कापड कमी पडलं तेव्हा सासूबाईंनी माझं बेतलेलं ब्लाऊज समोर आणून टाकलं.

"हे घे. तुला कुठं मिरवायला जायचंय?"

माझ्या बाह्यांची आंब्याची पानं झाली.

हे सगळं मी प्रेमानं केलं असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. मला वाईट शिवता येत नव्हतं, एवढंच. एक मोर मुद्दाम वाकडा भरायला घेतला होता. संध्याकाळपर्यंत मीच तो उसवला. त्याचा मला अजून राग येतो.

लग्नाच्या दिवशी वस्तू मांडल्या तर टेबलाचा एक कोपरा रिकामा राहिला. सासूबाई आत गेल्या आणि माझ्या मशीनवरचं कव्हर काढून घेऊन आल्या. जुन्या पांढऱ्या चादरीचं, कडेनं निळा साखळी टाका, मधे भरलेली कात्री. त्या घरात माझ्या स्वतःसाठी मी तेवढी एकच वस्तू पुरी करू शकले होते. तीही त्यांनी तिथं मांडली. वर पुठ्ठा लावलेला होता, 'वधूचे हस्तकौशल्य'.

नवऱ्या मुलाची आई बघायला आली. भरतकाम उलटं करून मागच्या गाठी शोधणारी बाई. तिनं एकेक वस्तू उलटून पाहिली, गाठ काही सापडली नाही. शेवटी कव्हर उचललं आणि त्यात दोन्ही हात घालून आकार चाचपला.

"हे मशीनचं दिसतंय. कव्हर हाय म्हंजी मशीन बी असंल. कुठंय?"

सासूबाईंची पापणी लवली नाही. "हाय की. पाठवणीबरोबर येतंय."

मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो पंगतीकडे बघत होता.

मशीन नीट बांधायला मलाच सांगितलं. आत जाऊन मी दार लोटलं. सुईच्या खाली एक लोखंडी डबी असते, खालचा दोरा धरणारी. बॉबिन केस म्हणतात तिला. ती काढून मी कमरेला खोचली. तिच्याशिवाय मशीन फिरतं, सुई वरखाली होते, पण टाका पडत नाही. वाटलं, चालत नाही म्हणून कंटाळतील आणि वर्षभरात आणून टाकतील. याच आशेवर मी पाठवणीला डोळ्यांतून पाणीसुद्धा काढलं.

पंचमीला नणंद माहेरी आली. चेहरा उतरलेला असेल असं मला वाटलं होतं, तर बाईसाहेब चांगल्या अंगानं भरलेल्या. परसात मी कपडे वाळत घालत होते, तिथं आली.

"वहिनी, मशीनची डबी तूच काढलीस ना? तुला रोज घालताना बघायचे की मी."

मी पुढचं लुगडं पिळायला घेतलं.

"देऊ नगंस कवाच. न्हाईतर सासू मला शिवाय बसवंल. जावांची कापडं पडून हायती. मी सांगितलंय, मशीनच खराब हाय. वहिनीच्या बापानं मोडकं गळ्यात घातलं म्हनलं."

दौंडात, माझ्या वडिलांच्या गावात, ती हे सांगत फिरत होती. माझं डोकं तडकलं, पण आवाज मी खाली ठेवला.

"मग मशीन मला परत द्या, वन्सं."

"आन् सासूला काय सांगू? ऱ्हाऊ दे तिकडंच. वर कव्हर घातलंय, झ्याक दिसतंय."

दोन दिवसांनी तिचा नवरा तिला न्यायला आला. चहा झाला. मी डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आले आणि डबी त्याच्या तळहातावर ठेवली.

"दाजी, मशीनचा ह्यो भाग हितंच ऱ्हायला हुता. माझ्या वडिलांनी मशीन चांगलंच दिलंय. ही बसवली की आजच चालंल. वन्संना समदं येतंय, तुम्ही रुखवतात बघितलंच की."

तो खूश झाला. म्हणाला, आईला सांगतो, दिवाळीचे कपडे यंदा घरीच. नणंदेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते आजवर विसरलेले नाही.

चालू मशीन कुणी परत आणून देत नाही, हे डबी ठेवतानाच मला कळत होतं. जांभळं ब्लाऊज मी पुढं हातानं शिवलं, हिरव्याची पाठीची बटणं त्यालाच लावून. रुखवतातली एकूण एक वस्तू माझ्याकडून काढून घेतलेली होती. दौंडच्या त्या घराला मी मनापासून दिलेला आहेर म्हणजे ती एकच डबी, आणि तो देताना मला फार बरं वाटलं.