दगडावरची चौथी खाच

न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आमच्या शेजारी एक आयरिश आजी राहायच्या. शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. नजर जवळजवळ गेली होती, तरी दूध आणायला डेअरीपर्यंत एकट्या चालत जायच्या.

त्यांच्या गावच्या जुन्या चर्चच्या भिंतीत एक ओगमचा दगड आहे. ओगम ही आयर्लंडची फार जुनी लिपी. दगडाच्या कडेवर रेघा आणि खाचा कोरून लिहायची; त्या किती, त्यावरून अक्षर ठरायचं. कुणाच्या तरी आठवणीचा तो दगड चर्च बांधणाऱ्या गवंड्यांनी तासला आणि भिंतीत बसवून टाकला. बऱ्याच रेघा चुन्याखाली गेल्या. उरलेल्यांतून आजींनी तरुणपणी एक नाव वाचलं होतं. चर्चबाहेरच्या फलकावर तेच होतं.

मी इंजिनिअर. आजींच्या भाचीने तिकडून दगडाचं स्कॅन पाठवलं, ते मी ऑफिसच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून आणलं, मुद्दाम जरा मोठं. संध्याकाळी त्यांच्या किचनच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "हा शब्द 'मकी'. म्हणजे मुलगा. पुढे बापाचं नाव."

"आम्हीही वडिलांचं नाव लावतो," मी म्हणाले. त्या खूश झाल्या. मग त्यांचं बोट थांबलं.

"इथे मी तीन खाचा मोजल्या होत्या. ही चौथी. लागतेय तुला?"

मला आधी काहीच लागलं नाही. डोळे मिटून चाचपलं, तेव्हा बारीकसा खड्डा जाणवला.

"म्हणजे अक्षर बदललं," त्या म्हणाल्या. "माझं वाचन चुकलं."

मी म्हणाले, "मग चार धरून नवीन नाव वाचा ना."

"पुढे दगड फुटलाय. पाचवी असली तर? अंदाजाने कुणाच्या बापाचं नाव ठरवायचं नाही."

तिकडे नुकतं उजाडलं असेल. त्यांनी लगेच भाचीला फोन लावला आणि फलकावरचं नाव काढून टाकायला सांगितलं. भाची बिचारी हळहळत होती. आजी मात्र शांतपणे एकेक खाच समजावत होत्या. आयुष्यभर मिरवलेली गोष्ट इतक्या सहज सोडून देणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

काही महिन्यांनी नव्या फलकाचा फोटो आला. मी वाचून दाखवला: '...चा मुलगा. बापाचं नाव वाचता येत नाही.'

"बरोबर," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी चहाची किटली लावली.