उतरताना पेटवलेलं बूस्टर

पार्ट तपासायचाय ना तुम्हाला? मग जमिनीवर घट्ट बांधा, बटण दाबा, बघा पेटतो का. पण नाही! कॉम्प्युटरवरच्या त्या रॉकेटच्या खेळात कंपन्या कामं देतात ती अशी: आमचं हे बूस्टर, म्हणजे रॉकेटला जोर देणारं जादा इंजिन, उडत्या रॉकेटवर पेटवून दाखवा, उंची नऊ ते दहा किलोमीटर, वेग सेकंदाला दोनशे ते अडीचशे मीटर, दोन्ही एकाच वेळी. जरा इकडेतिकडे झालं की चाचणी बाद. असल्या अटी घालणाऱ्याला समोर उभं करून विचारावंसं वाटायचं, बाबा रे, घरचा मिक्सर तरी तू असा तपासून घेतोस का?

हा खेळ मी रविवारी दुपारी खेळायचे आणि माझे बाबा शेजारच्या खुर्चीत बसायचे. बाबांनी अमडापुरात सारी हयात विहिरीच्या मोटारी दुरुस्त केल्या. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवा हात गेला आणि दुकान भावाकडे आलं. त्यानंतर बाबांनी मोटारीचा आवाज ऐकून काही सुचवलं, की भाऊ गिऱ्हाइकासमोरच म्हणायचा, "बाबा, तुमी बसा बरं. तुम्हाले नाही समजत यातलं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या माणसानं तुला पाना धरायला शिकवला, त्याला तू हे ऐकवतोस? एकदा त्याला चांगलं झापायचंच, असं मी ठरवून ठेवलं होतं. बाबांनी दुकानात जाणं सोडलं. त्यांना कोणी काही विचारेल अशी एकच जागा उरली, माझ्या लॅपटॉपसमोरची ती खुर्ची.

बूस्टरचं काम आलं तेव्हाही मी विचारलं, "बाबा, कसं करू?"

"उडवायच्या आधी एकडाव फिरवून पाह्य," बाबा म्हणाले.

आमच्या घरचा नेमच तो. दुरुस्त केलेली मोटार विहिरीत सोडण्याआधी काठावर दोन सेकंद फिरवायची, उलटी तर फिरत नाही ना हे बघायचं. त्याशिवाय बाबांनी एकही मोटार पाण्यात सोडली नाही. मीही त्याच घरात वाढलेली, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. रॉकेट जमिनीवर उभं असतानाच मी बूस्टर पेटवलं. एकदा पेटलं की ते विझवता येत नाही, हे तेव्हा कळलं. दोन तास खपून बांधलेलं रॉकेट वेडंवाकडं उचललं गेलं, आडवं झालं आणि समोरच्या मैदानात आपटलं. चाचणी अर्थातच बाद.

आणि मी ताडकन बोलून गेले, "बाबा, हे काही तुमच्या विहिरीवरचं काम नाही! तुम्हाले नाही समजत यातलं!"

भावाचंच वाक्य, शब्दाला शब्द. बाबा डाव्या हातानं टेबलाचा आधार घेऊन उठले आणि दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले.

मला लाज वाटली. पण ती कबूल करायचं सोडून मी खेळावरच भडकले. पुढचे तीन रविवार तेच: नवं रॉकेट, पुन्हा चाचणी बाद. नऊ किलोमीटरवर पोचावं तर वेग साडेतीनशे. इंजिन मंद करावं तर आठवरूनच रॉकेट माघारी. काय मेली अट! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल! मी मोठमोठ्यानं शिव्या घालत होते, ओट्यावर बाबांना सगळं ऐकू जात होतं, आणि तरी मी त्यांना एक हाक मारली नाही.

चौथ्या रविवारी बाबाच दारात येऊन उभे राहिले. "काऊन वं, चढतानाच काऊन पेटवतं? विहिरीतून मोटर वर वढताना जोर लावाच लागते. सोडताना दोर आपल्या हातात रायते. अजून वर जाऊ दे, इंजिन बंद कर, अन् खाली येताना पेटव."

मी कंपनीची अट पुन्हा वाचली. चढतानाच पेटवा, असं त्यात कुठेही नव्हतं. रॉकेट साडेबारा किलोमीटरपर्यंत नेलं. वर ते जवळजवळ थांबलं, मग पडायला लागलं. वेग शंभर, दीडशे, दोनशे. दहा किलोमीटरच्या जरा खाली आल्यावर बटण दाबलं. हिरवी खूण आली. चाचणी पूर्ण!

"बाबा, झालं! या, बसा ना, पुढचं काम वाचून दाखवते." मी खुर्ची ओढली, ओढणीनं पुसलीसुद्धा.

बाबा उंबऱ्याबाहेरच होते. "मी बसू?" ते म्हणाले. "मले तं यातलं समजत नाही ना."

त्या दिवशी ते बसले नाहीत. भावाला मी अजून झापलेलं नाही. आता कोणत्या तोंडानं झापू?