कमलाक्षीचा पाय आणि बघायला येणारे

कमलाक्षी डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात अबोलीच्या माळा विकते. घोट्याच्या वर जखम चिघळली आणि तिची जागा रिकामी राहू लागली. तिथे दुसरं कोणी बसलं की जागा गेलीच, म्हणून तिला लवकर बरं व्हायचं होतं. बरं करायला शेजारपाजारचा अख्खा वाडा सरसावला, हे तिचं दुर्दैव.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. पायाच्या शिरांत रक्त साचतं, म्हणून जखम भरत नाही. त्यांनी पायाची नाडी तपासली आणि नर्सकडून दाबाची पट्टी बांधून घेतली. पट्टी आठवड्याने नर्सच सोडेल, बसताना पाय उंच ठेवा, थोडं चाला, मासळी-अंडी खा.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जातात, आणि जखम बघितल्याशिवाय ते बघणं पुरं होत नाही. पाहुणा आला की सून शालिनी पट्टी सोडायची. पाहुणा वाकायचा, चुकचुकायचा, "वारा लागू दे गो" म्हणून चहा पिऊन जायचा. मग शालिनी पट्टी सैल गुंडाळायची. एकाने पू होतो म्हणून मासळी बंद करायला लावली; तो स्वतः बांगडा जेवून आला होता. पाय उंच ठेवणं तर अशक्यच. वडीलधाऱ्यांसमोर बाईने पाय पसरायचे नसतात, जखम तेवढी उघडी करायची असते.

जखम रुंदावली. नर्सने दोघींना फैलावर घेतलं. त्याच दिवशी, बुधवारी, एका भाजीवालीने कमलाक्षीच्या जागेवर टोपली मांडल्याचं कळलं.

संध्याकाळी चुलत दीर कृष्णनाथ आला, निवृत्त हेडमास्तर.

"सोड गो पट्टी," तो शालिनीला म्हणाला. "बघूया तरी."

"सोडायची नाही, भावोजी." कमलाक्षीने पाय उचलून त्याच्यासमोरच उशांवर ठेवला.

"वैनी, मी काय परका?"

"परके असता तर इतक्यांदा आला नसता."

"आम्ही काळजीने येतो."

"मग बांगडे पाठवा."

तो चहा न घेता उठला आणि कमलाक्षीला माज चढल्याचं घरोघर सांगून आला. आयुष्यात त्याने एवढं एकच काम नीट केलं असेल. बघणारे बंद झाले, पट्टी जागेवर राहिली, ताटात मासळी आली. जखम हळूहळू, काही महिन्यांनी मिटली.

आता कमलाक्षी दाबाचा मोजा घालून, पाय पालथ्या क्रेटवर ठेवून माळा विकते. बसते मात्र अर्ध्या जागेत. उरलेली अर्धी भाजीवालीने सोडलेली नाही. कमलाक्षीच्या काळजीने तिच्या घरी एवढा चहा ढोसणाऱ्यांपैकी भाजीवालीशी बोलायला अजून कोणी गेलेलं नाही.