लताताईंचे सहा हजार ग्रह

आमच्या नणंदबाई लताताई विंचूरला एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या खळ्यावर निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम आहेत. मोठा कांदा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, सडका तिसरीकडे. बायकांचे हात चालतात आणि मधोमध पोत्यावर बसलेल्या ताईंचं तोंड चालतं. माझं त्यांच्याशी फारसं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे कौतुक केलंच तर ते खरं समजावं. मी नाशकात शाळेवर शिकवते, आणि एखादी गोष्ट मी समजावून सांगत असताना ताई ज्या प्रकारे मान हलवतात, ती मान मला बारा वर्षांच्या पोरांतही चालत नाही.

ताईंनी लग्न केलं नाही. त्या जिभेला नवरा मिळणार कुठून, असं आमच्या घरात सगळे हसत म्हणायचे, आणि ताईच सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या.

माझ्या मुलीनं, रोहिणीनं, त्यांना चांगला फोन घेऊन दिला तो भजनं ऐकायला. ताईंनी भजनं आठवडाभर ऐकली. मग बोट कुठे लागलं देव जाणे, त्या आकाशात जाऊन पोचल्या. आपल्या सूर्याच्या पलीकडे, दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह सापडलेत, आणि तेही सहा हजारांवर, हे कळल्यावर ताईंना जणू नावं ठेवायला सहा हजार नवी माणसं मिळाली. खळ्यावर फोन मोठ्या आवाजात लागायला लागला. समजेल तेवढं ऐकायचं आणि उरलेलं ताईंनी स्वतः भरायचं, असा तो कार्यक्रम. ग्रह दिसत नाही, तो ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो आणि तेवढ्यावरून तो ओळखतात, हे मी रोहिणीकडून तीनदा ऐकूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. ताईंनी बायकांना सांगितलं की लांबच्या ट्रॅक्टरच्या दिव्यासमोरून चिलट गेलं तर काय होईल, ते हे. मलाही तेव्हाच कळलं, पण मी तसं दाखवलं नाही.

पुढे त्यांनी ग्रहांचीही निवड सुरू केली. भट्टीसारखे तापलेले एकीकडे, गोठलेले दुसरीकडे, आणि ज्यांच्यावर पाणी टिकेल, कुणी जगू शकेल असे मोजकेच काही वेगळे. एका ग्रहाचं वर्ष चार दिवसांत संपतं, तिथल्या सासूला वर्षसण करता करता धाप लागत असेल, असं त्या म्हणायच्या. काही ग्रहांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. एका अर्ध्यात सदाचा दिवस, दुसऱ्यात सदाची रात्र, आणि मधल्या पट्ट्यात कायमची संध्याकाळ. तिथे गोरज मुहूर्त कधी टळतच नाही, तेव्हा मंगल कार्यालयवाल्यांनी तिकडेच जागा घ्याव्यात, असा त्यांचा सल्ला होता.

अशातच रोहिणीचं लग्न ठरायला आलं. मुलगा प्रफुल्ल, तिच्याच कारखान्यात इंजिनिअर. दोघांचं आधीच जमलेलं होतं, आम्हाला फक्त होकार द्यायचा होता आणि आम्ही तो दिला. मुलाचं घर येवल्याचं, घरात पैठणीचे दोन माग. वडील पुंजारामभाऊ शांत आणि सरळ माणूस. सुपारी फोडायचा दिवस धरला, आणि त्याआधी त्यांनी रोहिणीची पत्रिका दाखवून आणली. त्यात कडक मंगळ निघाला. भाऊंचा निरोप आला की लग्न मोडत नाही, पण मुलीचं आधी मडक्याशी लग्न लावा. मंगळाचा काय कोप व्हायचा तो मडक्यावर होईल, मडकं पाण्यात सोडू आणि मग आमच्या मुलाला मुलगी द्या.

रोहिणीनं एका वाक्यात सांगितलं की मडक्याशी लग्न करणार नाही, आणि प्रफुल्लशिवाय दुसऱ्या कुणाशीही नाही. प्रफुल्ल बापाशी भांडून थकला होता. बापाच्या संमतीशिवाय मांडवात उभं राहायला रोहिणीही तयार नव्हती. माझे यजमान शेखर म्हणाले, गुपचूप उरकून टाकू, कुणाला कळणार आहे? मला राग आला, पण खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात तिथवर आले होते. मुलीचं सोन्यासारखं स्थळ एका मडक्यापायी जाणार, या विचारानं मला जेवण गोड लागत नव्हतं.

शेखरनी ताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, रविवारी येवल्याला जाऊ, त्यांच्या मनासारखं सगळं यथासांग करू. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी आम्ही पुंजारामभाऊंच्या ओट्यावर चहा घेत असताना गल्लीत एक टेम्पो शिरला. ड्रायव्हरशेजारी लताताई, आणि मागे पेंढ्यात रचलेली मडकी. प्रत्येकावर खडूनं काहीबाही अक्षरं आणि आकडे, गाड्यांच्या नंबरप्लेटसारखे. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे शेजारणी लगेच टेम्पोभोवती जमून भाव विचारू लागल्या. ताईंनी त्यांना सांगितलं की ही विकायची नाहीत, हे सगळे नवरदेव आहेत.

मग त्या ओट्यावर आल्या, पदर खोचला आणि भाऊंना अगदी नम्रपणे समजावलं. मंगळ एकटाच त्रास देतो असं धरून कसं चालेल? बाहेर सहा हजारांवर ग्रह सापडलेत, रोज नवे सापडतायत, त्यांतला कोण कुठल्या घरात बसलाय हे पत्रिकावाल्याला कुठे ठाऊक? तेव्हा प्रत्येकासाठी एक मडकं धरलंय, वर त्या ग्रहाचं नाव घालून. टेम्पोत मावतील तेवढी आणली, बाकीची कुंभार भाजतोय. दोन सूर्यांभोवती फिरणारा एक ग्रह आहे, त्याला मानपान दुप्पट लागेल. रोज थोडी थोडी लग्नं लावली तर पोरगी म्हातारी व्हायच्या आत प्रफुल्लचा नंबर येईल.

रोहिणी तोंडाला ओढणी लावून आत पळाली. शेजारणी हसत होत्या. मागावर बसलेला भाऊंचा कारागीरही विणायचा धोटा हातात धरून हसत होता. मी मात्र चहाचा कप खाली ठेवला. व्याह्याची त्याच्याच दारात अशी चेष्टा केल्यावर कुठली सुपारी आणि कुठलं काय!

पुंजारामभाऊ हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी शेजारणींना घरी जायला सांगितलं आणि ताईंसमोर बसले.

"ताई, मी काय अडाणी नाय," ते म्हणाले. "पण माझा थोरला भाऊ लग्नानंतर वर्षाच्या आत गेला. मनमाड रोडला मोटरसायकल घसरली. वहिनीच्या पत्रिकेत मंगळ होता, आन आम्ही तो मनावर घेतला नव्हता. आई मरेपर्यंत तेच घोकत राहिली. मला एकच पोरगा हाय. मला भ्या वाटतं, बस."

एरवी ताईंनी विचारलं असतं की रस्त्यावर खडी होती का, भावानं हेल्मेट घातलं होतं का. या वेळी त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि नीट खांद्यावर घेतला.

"भाऊ, माझ्याबी पत्रिकेत मंगळ हाय," त्या म्हणाल्या. "बापानं माझं लग्न मडक्याशी लावलं होतं. मुंडावळ्या बांधल्या, अक्षता टाकल्या, मडकं नदीत सोडलं. मंग पाव्हण्यांनी काय म्हणावं? ही पोरगी एकदा लग्न झालेली. अन् ज्याच्याशी झालं तो बुडाला, म्हणजे हिचा पायगुणच वाईट. एक स्थळ गेलं, दुसरं गेलं. मंग बापानं विचारणं सोडलं."

शेखर माझ्या शेजारी बसले होते. त्यांना हे माहीत होतं. त्यांनी मान खाली घातली, आणि मला नवऱ्याचा जन्मात आला नसेल एवढा संताप आला. एवढी वर्षं हा माणूस आमच्याबरोबर ताईंच्या जिभेला हसत होता.

"त्या मंगळावर माणसांनी यंत्रं धाडली," ताई म्हणाल्या. "दगड फोडून बघितले. आजवर एक मुंगी सापडली नाय. मी फोनवर ते बघितलं अन् दिवसभर खळ्यावर गप बसले. तिथं माझ्यावर रागावलेलं कुणी नव्हतंच. जे होते ते सगळे इथलेच होते."

मी उठून ताईंच्या शेजारी जाऊन बसले. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण सरकून जागा दिली.

पुंजारामभाऊ उठले. मग आत गेले, बायकोशी हळू आवाजात काही बोलले आणि ताटात सुपारी घेऊन बाहेर आले. मडक्याचा विषय आता नको, म्हणाले. वैशाखातली तारीख बघू, पोरांना सुट्टी मिळेल तशी. दाराआड उभ्या असलेल्या रोहिणीला रडू आवरेना.

सुपारी फुटली, पेढे वाटले. जाताना भाऊ ताईंना टेम्पोपर्यंत सोडायला आले. मघापासून त्यांच्या मनात काहीतरी घोळत होतं.

"ताई, तिकडं त्या ग्रहांवर खरंच कुणी राहत असंल का हो?"

"ठाऊक नाय, अजून शोधत्यात," ताई म्हणाल्या. "पण असंल तर त्यांच्यातबी पत्रिका बघत असतील. अन् आपली पृथ्वी कुणाच्या तरी वाईट घरात बसलेली असंल. तिच्यापायी एखादी पोर तिकडं बिनलग्नाची बसली असंल." त्या टेम्पोत चढल्या आणि दार ओढून घेतलं. "ती सापडली तर तिला तेवढं कळवा म्हणावं, की बाई, आमचा तुझ्यावर काही राग नाय."