आबा घोड्यावरून उतरले

नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. तिथे इंग्रजी लिहिता येणारी मी एकटी मास्तरीण, त्यामुळे शाळा सुटली की माणसं अर्ज घेऊन माझ्या दारात. वीस वर्षं हेच चाललंय. खरं सांगते, जीव विटलाय. पण शेशेनबेक आबांचं काम मी माझ्या हाताने बिघडवलं, त्याचा दोष कंटाळ्याला देता येत नाही.

आबा एकाहत्तर वर्षांचे. तरुणपणी, घोड्यावरून मेलेला बोकड पळवायच्या आमच्या खेळात, मैदानात त्यांच्या हातून बोकड हिसकावणारा स्वार पंचक्रोशीत नव्हता. म्हातारपणी ते परदेशी पाहुण्यांना डोंगरापलीकडच्या तळ्यावर घेऊन जात. पाहुणे पायांना गोळे आले म्हणून कण्हत, आबा मात्र उन्हाळाभर एका दिवसाची उसंत घेत नसत. ऑगस्टात अशाच एका फेरीवरून एकटे परतताना खोगिरावर त्यांचा डोळा लागला आणि ते खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा घोडा तोरू जागचा हलला नाही.

आता आमच्यात वडीलधारं माणूस घोड्यावरून पडलं असं कोणी म्हणत नाही. उतरले म्हणतात. चिखलात तोंडावर आपटले तरी उतरलेच. वाटाड्यांचा विमा काढणाऱ्या परदेशी कंपनीच्या अर्जात मीही सवयीने 'डिसमाउंट' हाच शब्द घातला. वीस दिवसांनी उत्तर आलं: गृहस्थ आपणहून उतरले, तर अपघात कुठला? राजधानीत, बिश्केकला व्हायचं ऑपरेशन तिथेच अडलं. वीस दिवस म्हातारा माझ्या सभ्यपणापायी अंथरुणात तळमळला. मला माझी लाज वाटली.

दुसरा अर्ज घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांची बायको अनारकान आजी चहा ओतत होती, दोन शेजारी समाचाराला आले होते. मी आबांना सांगितलं की इंग्रजीत खाली येण्याचे खंडीभर शब्द आहेत. घोड्याने उधळून फेकलं, त्याला एक. माणूस नुसताच घसरला, त्याला एक. आणि सरळ पडला, त्याला 'फॉल'.

शेजारी म्हणाले, फेकलं असंच लिहा, त्यात स्वाराला कमीपणा नाही. आजीनेही मान डोलावली. पण कंपनीचा नियम सगळ्यांना ठाऊक होता: स्वाराला फेकणारा घोडा पाहुण्यांच्या कामाच्या यादीतून बाद. आणि बाद झालेला घोडा थंडीच्या आधी खाटकाकडे जातो, हेही ठाऊक होतं.

"तोरूने काय केलं?" आबांनी विचारलं.

आजीने चहा ओतायचा थांबवला.

"मी दोन तास चिखलात होतो. तो वारा अडवून उभा होता. त्याच्यावर आळ घेऊ?"

मग घसरले लिहिते, मी म्हटलं, जरा सौम्य वाटेल.

"म्हणजे खोगीर सैल होतं. ते मीच कसलं होतं, पोरी. फार शिकलीस तू. तो तिसरा लिही."

मी लिहिला. इंग्रजीत काही वाटलं नाही, हात झरझर चालला. मग आबा म्हणाले, आता आपल्या भाषेत वाचून दाखव, या दोघांनाही ऐकू दे. मी सुरुवात केली आणि त्या शब्दापाशी जीभ अडली. ज्यांना बघून लहानपणी आम्ही घोड्यावर बसायला शिकलो, त्यांच्या तोंडावर हा शब्द कसा उच्चारू?

आबांनी डोळे मिटले. "शेशेनबेक घोड्यावरून पडला," ते सावकाश म्हणाले. "झोप लागली आणि पडला."

शेजाऱ्यांनी माना खाली घातल्या. आजी उठली, मानेखाली हात घालून तिने आबांना जरासं वर केलं आणि चहाची वाटी त्यांच्या ओठांना लावली.

"दमला होतात तुम्ही," ती म्हणाली. "तेवढं मला का नाही सांगितलंत?"